नानांना पत्र : दोन प्लॉट युरोपला द्यायचे की नाही

रॉटरडॅम,
14 सप्टेंबर 2025

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

आपल्या द्राक्षबागेच्या चारपैकी दोन प्लॉट यंदा युरोपच्या निर्यातीसाठी नोंदवावेत का, असं तुम्ही विचारलं होतंत. फोनवर बोलणं अर्धंच झालं, म्हणून सविस्तर लिहितो. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) तोंडावर आली आहे आणि हे छाटणीआधीच ठरवावं लागतं. फेब्रुवारीत घड बघून 'हा माल एक्स्पोर्टचा' म्हणणारा बागायतदार बहुतेक वेळा अडकतो. इथे नापास होणारा कितीतरी माल दिसायला अगदी देखणा असतो.

आधी औषधांचं बोलू. युरोपात प्रत्येक औषधाच्या अंशाची फळागणिक मर्यादा ठरलेली आहे. ज्या औषधाला वेगळी मर्यादा दिलेली नाही, त्याला सरसकट किलोला 0.01 मिलिग्रॅम लागू होते. म्हणजे एक टन द्राक्षांत फक्त 10 मिलिग्रॅम. मीठ चिमटीत धरतो ना, त्याहूनही कमी. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक आपल्याकडे मिलीबगवर (पिठ्या ढेकणावर) वर्षानुवर्षं वापरलं गेलं. नोव्हेंबर 2020 पासून इथे त्यालाही हीच मर्यादा आहे. मर्यादा बदलली की आपल्या दुकानदाराच्या फळीवरची बाटली बदलत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. औषध तेच, प्रमाण तेच, मागच्या वर्षी पास झालेला प्लॉट यंदा नापास.

2010 साल तुमच्या लक्षात असेलच. तेव्हा सीसीसीमुळे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकामुळे, आपले कंटेनर इथे अडकले. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडा थांबवायला आणि काडीत घड धरायला लोक ते फवारत. मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत हे संजीवक नव्हतंच, त्यामुळे तिकडे 'पास' झालेला माल इकडे पकडला गेला. लोकांना वाटलं होतं की एप्रिलचं फवारलेलं फेब्रुवारीपर्यंत कुठे राहणार? पण ते वेलीत साठून राहतं आणि पुढे मण्यात उतरतं. त्या एका हंगामाची झळ निफाड, दिंडोरीच्या किती घरांना बसली ते मी तुम्हाला सांगायला नको.

कायद्याच्या वर पुन्हा दुकानांचे नियम आहेत. काही जर्मन सुपरमार्केटं कायद्यातल्या मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश चालवून घेतात. शिवाय एकूण किती औषधांचे अंश सापडले हेही मोजतात. चार-पाचच्या वर गेले की प्रत्येक औषध मर्यादेत असूनही माल परत. त्यामुळे डाऊनीवर (केवडा रोगावर) एक, भुरीवर दुसरं, थ्रिप्स किडीवर तिसरं, असं दर आठवड्याला नवं औषध बदलणाऱ्याला हा बाजार झेपत नाही. काढणीपूर्वीच्या शेवटच्या 50-60 दिवसांत काय मारायचं, याचा कागद छाटणीच्या दिवशीच तयार हवा. जानेवारीत अवकाळी आला तर काय करायचं, तेही त्याच कागदावर लिहून ठेवा. भिजलेल्या बागेत उभं राहून घाईने घेतलेला निर्णयच पुढे अहवालात सापडतो.

नोंदणी दरवर्षी आणि प्लॉटवार करावी लागते. कृषी खात्याकडे नोंद झाली की अपेडाच्या (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या) ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदवहीत तो प्लॉट दिसतो. नमुना आपण नेऊन द्यायचा नसतो, प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन स्वतः घेतो. शेजारच्या बांधावरून उडून आलेलं औषधही त्या नमुन्यात येतं, म्हणून कडेच्या दोन ओळी वेगळ्या तोडून स्थानिक बाजाराला द्याव्यात, असं माझं ठाम मत आहे.

आता मालाचं. युरोपला हिरवी, दुधाळ झाक असलेली कुरकुरीत द्राक्षं लागतात. आपल्याला गोड लागणारा पिवळसर, पूर्ण पिकलेला मणी इथे 'जुना माल' समजतात. मणी किमान 16 मिलिमीटर, 18 असेल तर उत्तम. साखर 16 ते 18 ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप). साखर कमी असताना दराच्या लोभाने तोडलेली द्राक्षं आंबट निघतात आणि ग्राहक पुढचे तीन आठवडे भारतीय पुनेटकडे (द्राक्षांच्या छोट्या डब्याकडे) वळत नाही. त्याचा भुर्दंड नंतर तोडणाऱ्यालाही बसतो, हे लोक विसरतात.

तोडणी सकाळी, मणी थंड असताना करायची. दव वाळायलाच हवं, ओला घड पेटीत गेला तर संपलंच. तोडल्यापासून चार ते सहा तासांत माल प्रीकूलिंगला (झटपट थंड करायच्या खोलीत) गेला पाहिजे, आणि तिथे सहा-आठ तासांत मण्याच्या आतलं तापमान शून्य-एक अंशावर यायला हवं. पाच किलोच्या पेटीत अर्ध्या किलोची दहा पुनेट बसतात. बुरशी रोखायला सल्फर डायऑक्साइड वायू सोडणारा पॅड माल थंड झाल्यावरच टाकायचा. गरम मालावर पॅड टाकून लायनर (पेटीतली प्लास्टिकची पिशवी) बंद केला की आत पाणी सुटतं, पॅड एकदम सगळा वायू सोडतो आणि देठाजवळ मणी पांढरे पडतात. मग प्रवासाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी पॅडमध्ये काहीच उरत नाही आणि करडी बुरशी धरते. इथे पेटी उघडल्यावर वर पांढरे डाग आणि खाली बुरशी अशी जोडी दिसली, तर चूक पॅकहाऊसमधल्या त्या पहिल्या रात्रीचीच असते.

प्रवासाचं गणितही बदललं आहे. न्हावा शेव्याहून सुएझमार्गे साधारण तीन-साडेतीन आठवडे लागायचे. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बहुतेक कंटेनर जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येतात. दहा-पंधरा दिवस जास्त, आणि भाडंही वाढलेलं. नाजूक देठाच्या थॉमसन वाणाला हे दिवस फार होतात. देठ तपकिरी होतो, मणीगळ सुरू होते. येमेनजवळ कुणी कुणावर क्षेपणास्त्र सोडलं याचा दाम शेवटी पिंपळगावच्या बागेत चुकता होतो. म्हणून निर्यातदाराशी बोलताना पहिला प्रश्न मार्गाचा आणि दिवसांचा विचारा, दराचा नंतर.

दराची बोलणी दोन प्रकारची असतात. एक, बागेत ठरलेला पक्का दर. दुसरा कन्साइनमेंट, म्हणजे माल इथे विकला जाईल, त्यातून कमिशन, शीतगृह, वाहतूक आणि 'क्लेम' (खराब मालापोटीची कपात) वजा होऊन जे उरेल ते तुमचं. क्लेम कसा वाढतो ते नीट समजून घ्या. इथे माणसाचा तास फार महाग आहे. पुनेटमध्ये एक मणी सडका असला तरी ते पुनेट उघडून, निवडून पुन्हा भरावं लागतं. पाच टक्के खराबीसाठी कंटेनरमधल्या सगळ्या वीस पॅलेटची (पेट्यांच्या थप्प्यांची) मजुरी लागू शकते. आपल्याकडे पाच टक्के म्हणजे नगण्य, इथे त्यात नफा बुडतो. कन्साइनमेंटवर द्यायचंच असेल, तर किमान हमी दर लेखी घ्या आणि माल उतरल्यावर लगेच फोटोंसह गुणवत्ता अहवाल पाठवण्याची अटही लिहून घ्या. महिन्याने आलेल्या फोटोला काही अर्थ नसतो.

काळ-वेळेचंही बघा. इथे दुकानात बारा महिने द्राक्षं असतात. पेरू, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, चिली, मग आपण, पुढे इजिप्त, इटली, स्पेन. आपली खिडकी फेब्रुवारी ते एप्रिल एवढीच. एप्रिलमध्ये चिली आणि आफ्रिकेचा उशिराचा माल अंगावर येतो आणि दर पडतो. निर्यातीच्या प्लॉटची छाटणी त्या हिशोबाने लवकर घेता आली तर बघा, पण डाऊनीचा धोका अंगावर घेऊन नको.

नव्या वाणांबद्दल मला खरंच वाईट वाटतं ते सांगतो. भोकरी, फकडी हे जुने वाण गेले, त्यांच्या जागी थॉमसन आली. त्यातून तासगावची तास-ए-गणेश, सोलापूरची सोनाका आपल्याच शेतकऱ्यांनी निवडून काढली आणि काडी हातोहात गावोगाव गेली. आता युरोपला हवे ते लांबट, घट्ट मण्याचे वाण पेटंटचे आहेत. त्यांना विरळणीची (घडातले मणी कमी करण्याची) मजुरी कमी लागते, पावसात ते टिकतात, म्हणून मोहाडीच्या सह्याद्रीसारख्या शेतकऱ्यांच्या कंपनीने परवाना घेऊन ते आणले, आणि ते बरोबरच केलं. पण ती काडी पाहुण्याला देता येत नाही. लावताना करार, विकताना रॉयल्टी. पेठ-सुरगाण्याहून विरळणीला येणाऱ्या बायांच्या हाताला त्या वाणांत काम किती उरेल, हाही हिशोब गावात कुणीतरी मांडायला हवा. निर्यातीचं प्रमाणपत्र देणारे बागेत शौचालय आणि हात धुवायची सोय बघतात, ते चांगलंच आहे. मजुरीचे दिवस मात्र ते मोजत नाहीत.

तेव्हा माझं मत असं : दोन नको, एकच प्लॉट नोंदवा. विहिरीकडचा थॉमसनचा. त्याच्या बांधाला ऊस आहे, दुसऱ्याची फवारणी येत नाही. बाकीचे तीन स्थानिक बाजार आणि बेदाणा यांसाठी मोकळे ठेवा. बेदाण्याला चार किलो द्राक्षांचा एक किलो धरा. द्राक्षं बुडवायच्या पाण्यात लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल, हे प्रमाण तुम्हाला पाठच आहे. दर पडले तर तेवढा तरी आधार.

पण हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे. विहिरीकडच्या प्लॉटला एप्रिलमध्ये सीसीसी मारलं होतं का? मारलं असेल तर यंदा तो नोंदवूच नका, आणि दुसरा निवडायचा तर त्याचंही आधी तपासा. फवारणीच्या वहीची खरड छाटणीपासूनची पानं मोबाइलवर काढून पाठवा. औषधाचं नाव, त्यातला घटक, तारीख, एकरी किती, आणि दुकानदाराचं बिल. मी इथल्या यादीशी ताडून रविवारपर्यंत कळवतो. तोवर निर्यातदाराला शब्द देऊ नका.

काकूंना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा पुतण्या