मुक्तद्वार वाचनालयात नाव विचारत नाहीत

प्रति,
मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

विषय : मोबाइलवर निनावी वाचता येण्याबाबत, आणि व्हीपीएन (इंटरनेटवरची आपली वाट झाकणारी सेवा) घेणाऱ्यांची नावं साठवायला लावणाऱ्या 28 एप्रिल 2022च्या निर्देशांबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. आमच्या इमारतीला दोन दारं आहेत. एक देवघेव विभागाचं. तिथं नाव, पत्ता, अनामत, वर्गणी सगळं लागतं, कारण पुस्तक परत यायला हवं. दुसरं दार मुक्तद्वार वाचनालयाचं. तिथं कुणीही यावं, टेबलावरचा पेपर ओढावा, मासिक चाळावं आणि उठून जावं. दिवसाला किती वाचक आले तो आकडा अनुदानाच्या तपासणीला लागतो, म्हणून तेवढा आम्ही लिहून ठेवतो. कोण आलं आणि कुठल्या पानावर किती वेळ रेंगाळलं, हे आजवर एकाही तपासनिसानं विचारलेलं नाही.

मागे एक वडील आले होते. आपली मुलगी हल्ली कोणती पुस्तकं नेते ते रजिस्टरमध्ये दाखवा म्हणाले. मी म्हटलं, तिलाच विचारा. ते तणतणत निघून गेले. मुलगी अजून येते.

हे सगळं आपल्याला सांगण्याचं कारण म्हणजे गेल्या पावसाळ्यातली एक दुपार. गर्दी नव्हती. आमच्या महिला वाचक मंडळातली एक बाई काउंटरशी येऊन उभी राहिली, पुस्तक न मागता. तिच्या घरात स्मार्टफोन एकच, तो सगळ्यांच्या हातात फिरतो. अंगावरून पांढरं जातं म्हणून तिनं रात्री त्यावर थोडं वाचलं, यूट्यूबवर दोन व्हिडिओ पाहिले आणि आठवणीनं ब्राउझरची हिस्ट्री पुसून झोपली. सकाळी फोन दिराच्या हातात होता. यूट्यूबनं उघडल्याउघडल्या तसलेच व्हिडिओ ओळीनं मांडून ठेवले. ब्राउझर पुसला म्हणून गुगलच्या खात्यातली नोंद पुसली जात नाही, हे तिला कुणी सांगितलं असणार? तिनं विचारलं, "मॅडम, कुणाला कळू न देता शोधायचं कसं?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. नंतर शिकले. पुतण्याला पिडलं, स्वतःच्या फोनवर करून पाहिलं आणि मंडळातल्या बायकांचा एक वर्ग घेतला. त्या वर्गात काय सांगितलं ते थोडं सांगते, कारण खरी अडचण तिथंच कळते.

पहिला धडा गुप्त टॅबचा, तोच तो टोपी-चष्म्याचं चित्र असलेला. तो बंद केला की फोनवर हिस्ट्री राहत नाही, कुकीज, म्हणजे संकेतस्थळांनी फोनवर ठेवलेल्या ओळखीच्या खुणा, जातात. घरातल्या घरात झाकायला तेवढं पुरतं. पण ज्या संकेतस्थळावर गेलात त्याला तुम्ही दिसता, मोबाइल कंपनीला दिसता, ज्याचं वायफाय वापरलंत त्यालाही दिसू शकता. याच टॅबवरून अमेरिकेत 2020 साली गुगलवर दावा झाला आणि 2024 मध्ये तडजोड करताना जमवलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कंपनीनं कबूल केलं. आमच्या बायकांना "गुप्त" हा शब्द वाचून वाटतं की दार लागलं. लागलेला असतो तो फक्त पडदा.

मोबाइल कंपनीचं बोलायचं तर सिमकार्ड ओळखपत्राशिवाय मिळत नाही, म्हणजे नाव तिच्याकडे आधीच आहे. हल्ली बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर वाटेत कुलूपबंद असतो, त्यामुळे तुम्ही कुठलं पान वाचलं ते तिला दिसत नाही, पण कुठल्या संकेतस्थळावर गेलात ते सहसा कळतं. व्यसनमुक्तीच्या किंवा एचआयव्हीच्या संकेतस्थळाचं नुसतं नाव कळलं की पान कळायचं राहतंच कुठं? इंटरनेटवर कुठल्या पत्त्याशी कधी जोडणी झाली याच्या नोंदी कंपन्यांनी निदान 2 वर्षं ठेवाव्यात, अशी परवान्याची अट डिसेंबर 2021 पासून आहे. त्याआधी ती 1 वर्षाची होती.

मग फोनच्या सेटिंगमध्ये लपलेला जाहिरातीचा क्रमांक आला. वेगवेगळ्या ॲपना त्यावरून तुमची जोडाजोडी करता येते. नव्या अँड्रॉइडवर तो पुसून टाकता येतो. वर्गातल्या एकीलाही तो ठाऊक नव्हता, आणि खरं सांगायचं तर महिनाभर आधी मलाही नव्हता. टॉर ब्राउझर दाखवला. 2019 पासून तो अँड्रॉइडवर रीतसर मिळतो. त्यात आपली मागणी तीन टप्प्यांनी जाते. पहिल्या टप्प्याला आपण कोण ते कळतं पण कुठं निघालो ते कळत नाही. शेवटच्याला कुठं निघालो ते कळतं, कोण ते नाही. फार हळू चालतो. एकीनं "ही तर लाल डब्याची एसटी" म्हणून फोन खाली ठेवला.

उरला व्हीपीएन. तो सोपा आहे. बटण दाबलं की फोनपासून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत बंद बोगदा तयार होतो. मोबाइल कंपनीला बोगद्याचं तोंड दिसतं, आत काय चाललंय ते नाही. अर्थात जो विश्वास मोबाइल कंपनीवर टाकायचा तो आता बोगदेवाल्यावर टाकायचा, एवढाच फरक. फुकटचे व्हीपीएन घेऊ नका, असं मी बायकांना बजावलं आहे. फुकट वाट दाखवणारा आपलं गाठोडं तपासल्याशिवाय राहत नाही. नोंदीच ठेवत नाही असं सांगणाऱ्या आणि बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून ते तपासून घेणाऱ्या कंपन्या आहेत, त्या पैसे घेतात.

आणि इथंच, महोदय, आपल्या खात्याशी गाठ पडते.

आपल्या खात्याखालच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं 28 एप्रिल 2022 रोजी जे निर्देश काढले, त्यांनी व्हीपीएन देणाऱ्यांना ग्राहकाचं नाव, पडताळलेला पत्ता आणि फोन, ईमेल, दिलेले आयपी पत्ते (इंटरनेटवरचे क्रमांक), सेवा किती काळ घेतली आणि कशासाठी घेतली, हे सगळं नोंदवायला लावलं. ग्राहक सोडून गेला तरी 5 वर्षं जपायला लावलं. "कशासाठी घेतली" या रकान्यात आमच्या त्या बाईनं काय लिहायचं?

परिणाम आपल्याला माहीत आहे. नोंदी ठेवायच्याच नाहीत हाच ज्यांचा धंदा, त्या एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी आपले भारतातले सर्व्हर हलवले. नियम पाळायचे नसतील तर देश सोडायला मोकळे आहात, अशा अर्थाचं तेव्हाचे राज्यमंत्री बोलले होते. पण ग्राहक कुठं गेले? ते इथंच आहेत. आता त्यांची मागणी परदेशातल्या सर्व्हरवरून फिरून येते. चार पैसे खर्च करून, नाव लावून, रीतसर व्हीपीएन घेऊ पाहणाऱ्याची इथली सोय गेली, आणि तपास यंत्रणेच्या हातीही काही लागलं नाही. नंतरच्या खुलाशात कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना यातून वगळलं. म्हणजे साहेबाच्या लॅपटॉपला सूट आहे, सुनेच्या मोबाइलला नाही.

आपण म्हणाल, गुन्हेगार याच बोगद्यात लपतात. खरं आहे, लपतात. "डिजिटल अरेस्ट"च्या नावानं लुटलेली माणसं आमच्याही गावात आहेत. एक निवृत्त शिक्षक आमचे आजीव सभासद आहेत. दोन दिवस दार लावून व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवलं होतं त्यांना. सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन लावला तोवर रक्कम पाच खात्यांतून फिरून गेली होती. तक्रार लिहायला मीच त्यांच्यासोबत बसले होते, म्हणून हे सांगायचा मला थोडा अधिकार आहे. ज्या खात्यात रक्कम गेली ते दुसऱ्याचं होतं, भाड्यानं घेतलेलं. सिम तिसऱ्याचं होतं. जो माणूस सिमसाठी परक्याचं ओळखपत्र वापरतो तो व्हीपीएनच्या फॉर्मवर स्वतःचं खरं नाव, पडताळलेला पत्ता आणि "लुबाडण्यासाठी" असं कारण लिहील, अशी अपेक्षा नेमकी कुणाची आहे? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

त्या शिक्षकांना फोन करणाऱ्याला त्यांचं पूर्ण नाव, पत्ता आणि आधारचे शेवटचे आकडे माहीत होते. कुठल्यातरी रजिस्टरातूनच ते बाहेर पडले असणार. जून 2023 मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटला (आपोआप उत्तर देणाऱ्या खात्याला) मोबाइल क्रमांक दिला की लस घेणाऱ्याचे तपशील मिळत होते. तेव्हा आपल्याच खात्यातून खुलासा आला की को-विन हे लसनोंदणीचं सरकारी पोर्टल थेट फोडलेलं दिसत नाही, बॉटकडची माहिती आधी चोरलेल्या साठ्यातली वाटते. तो खुलासा मी शब्दशः खरा धरते. साठा होता म्हणून चोरीला गेला. 5 वर्षांचं रजिस्टर हा तसाच आणखी एक साठा.

आता तारखेचं. 28 एप्रिल 1976 या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं एडीएम जबलपूर खटल्यात निकाल दिला होता की आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागायला नागरिकाला जागा नाही. पाचांपैकी चार न्यायमूर्ती त्या बाजूनं होते, त्यांत आपल्या महाराष्ट्राचे यशवंतराव चंद्रचूड. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा जबलपूरचा निकाल चुकीचा होता असं लिहिणारे होते यशवंतरावांचे पुत्र धनंजय चंद्रचूड. बापाचा निकाल लेकानं खोडला. सर्ट-इनच्या निर्देशांवरही तारीख 28 एप्रिलचीच पडली, हा योगायोग. कार्यालयात कुणी कॅलेंडर बघून तारीख घालत नाही, हे मला कळतं. पण 2017च्या निकालानं घातलेली कसोटी तर त्यांना लागू आहे: कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. काही शंका नसताना सरसकट सगळ्यांची नावं 5 वर्षं साठवणं कुठल्या मापानं प्रमाणात बसतं? युरोपात दूरसंचार नोंदी 6 महिने ते 2 वर्षं ठेवायला लावणारा निर्देश होता. त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं 8 एप्रिल 2014 रोजी तो रद्द केला, सरसकट आहे म्हणूनच.

आपल्याकडेही कायद्याला गुप्ततेचं मोल कळत नाही असं नाही. एचआयव्ही बाधिताची ओळख उघड करायला 2017च्या कायद्यानं बंदी घातली आहे. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचं नाव डॉक्टरनं फोडलं तर 2021च्या दुरुस्तीप्रमाणे वर्षभराची कैद होऊ शकते. डॉक्टरच्या तोंडाला कुलूप घातलं, उत्तम केलं. पण बाई डॉक्टरकडे जायच्या आधी पंधरा दिवस मोबाइलवर शोधत असते. ते पंधरा दिवस कुणाचे?

माझं मागणं फार नाही. त्या निर्देशांतलं ग्राहकांची नावं आणि कारणं साठवण्याचं कलम सामान्य वापराच्या व्हीपीएनपुरतं काढून टाका. ठरावीक संशयितावर न्यायालयाचा आदेश आणा आणि त्याच्या पुढच्या नोंदी मागा, त्याला माझी काहीच हरकत नाही. नोव्हेंबर 2025च्या डेटा संरक्षण नियमांतही प्रक्रिया केलेली माहिती आणि नोंदी किमान 1 वर्ष ठेवायला सांगितलं आहे. माहिती कमीत कमी घ्या, काम झालं की पुसा, असं कायदा म्हणणार आणि नियम म्हणणार थांबा, वर्षभर राहू द्या. याकडेही एकदा पाहा. आणि वर्षाला किती नोंदी मागितल्या गेल्या याचा नुसता आकडा जाहीर करा. आम्ही देतोच की आमच्या वाचकांचा.

माघार घेणं अशक्य नाही हे आपल्याच सरकारनं दाखवलं आहे. प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप आधीपासून घालण्याचा दूरसंचार खात्याचा आदेश 28 नोव्हेंबर 2025चा, आणि ती सक्ती मागे घेतली 3 डिसेंबरला. पुरते सहा दिवसही झाले नव्हते. सर्ट-इनच्या कलमाला त्या मानानं बरीच वर्षं मिळाली.

ती बाई अजून येते. फोनवर स्वतःचं वेगळं खातं उघडून घेतलं आहे तिनं, गुप्त टॅब वापरते. डॉक्टरकडेही जाऊन आली. व्हीपीएनचं मात्र मी तिला काय सांगू, ते आपल्या उत्तरावर आहे.

आपली,
एक ग्रंथपाल

ता.क. : पत्र मराठीत आहे. आपल्याच खात्याचं 'भाषिणी' हे भाषांतराचं यंत्र हाताशी असेल, त्यातून वाचून घ्यावं. "अंगावरून पांढरं जाणं"चं त्यानं काय केलं, तेवढं उलट टपाली कळवावं. वर्गातल्या बायकांना उत्सुकता आहे.