केमोचं औषध कुठलं ते आधी विचारा, पथ्य मग सांगा

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत केमो चालू असताना किडनी, लिव्हर, हार्ट कसं सांभाळावं यावर लेख आला होता. गव्हांकुराचा रस, गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल, बीटाचा ज्यूस असं सगळं होतं त्यात, फक्त पेशंटला औषध कुठलं चाललंय हे बघा असं कुठेच नव्हतं. आमच्या वहिनीची केमो चालू आहे, त्यामुळे दुपारपर्यंत अर्ध्या नातेवाइकांनी त्याच लेखाचा फोटो व्हॉट्सअपवर पाठवला आणि एकजण तर रसाची बाटली घेऊन घरीच आला, आता एवढ्या प्रेमाने आणलेल्या माणसाला नको कसं म्हणायचं.

केमो म्हणजे काय एकच औषध नाही हो. सिसप्लॅटिन असलं तर ते किडनीवर येतं, मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जातं, म्हणून तर त्या दिवशी सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवतात आणि घरी पाणी पीत राहा म्हणून बजावतात. डॉक्सोरुबिसिन, ते लाल रंगाचं, त्याचा धोका हार्टला, आणि तो आजवर एकूण किती डोस गेला यावर वाढत जातो म्हणून डॉक्टर त्याचा हिशोब ठेवतात, अंगाच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे 450 ते 550 मिलीग्रामच्या वर सहसा जात नाहीत, मध्ये मध्ये इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, करतात. लाल औषधाला लाल बीट हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. सायक्लोफॉस्फामाइड असलं तर मूत्राशय जपायचं, म्हणजे भरपूर पाणी आणि लघवी तुंबवून ठेवायची नाही. मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस असला तर लघवी आम्लधर्मी होऊ द्यायची नसते, तिथे कोला टाळायला सांगतात. आता या सगळ्यांना एकच रस कसा लागू पडणार सांगा.

आणि घेतलं तर नुकसान काय, हे जे म्हणतात ना, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. केमोने हातापायांना मुंग्या येतात त्या येऊ नयेत म्हणून अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांना अॅसिटिल एल कार्निटिन हे सप्लिमेंट देऊन बघितलं होतं, त्याचा निकाल 2013 मध्ये आला, तर ज्यांनी ते घेतलं त्यांच्या मुंग्या उलट वाढल्या. दुसरं गुळवेल. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटांची माहिती छापली, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही तो वाद वेगळा, पण ज्याचं लिव्हर आधीच औषधांचं ओझं वाहतंय त्याने ही परीक्षा आपल्या अंगावर का घ्यावी. आमटीतली हळद खुशाल खा, तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही, पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलनी लिव्हर बिघडल्याच्या केसेस परदेशात नोंदलेल्या आहेत.

आपल्या गोव्यातली बिंबलं घ्या, ती आंबट हिरवी फळं. आमटीत चार पडली तर काही होत नाही, पण कोलेस्टेरॉलवर म्हणून रस काढून पिणारे आहेत, आणि केरळात असा रस पिऊन किडनी बंद पडलेल्या दहा जणांची नोंद 2013 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी केलीय, त्यातल्या काहींना डायलिसिस लागलं. कारण त्यातलं ऑक्झलेट, ते किडनीत साचतं. करमलांचंही, म्हणजे स्टारफ्रूटचंही, तेच, किडनी कमजोर असली तर ती विषासारखी चढतात. सिसप्लॅटिन घेतलेल्या माणसाने या दोन्हींपासून लांबच राहिलेलं बरं. आणि चतुर्थीला गणपतीवर फळांची माटोळी बांधतात तिच्यातलं तोरिंग, म्हणजे पपनस, ते ग्रेपफ्रूटच्या कुळातलं. ग्रेपफ्रूटमुळे काही गोळ्या रक्तात जास्त साचतात, ब्लड कॅन्सरची निलोटिनिब त्यातलीच, तेव्हा गोळ्यांवर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोरिंग सोलू नये.

उपासाचंही एक फॅड आलंय. उंदरांवर चांगला परिणाम दिसला होता हे खरं, पण 2020 मध्ये हॉलंडमधल्या 131 बायकांवरचा अभ्यास आला, केमोच्या वेळी उपासासारखा आहार दिला, ट्यूमरवर परिणाम थोडा बरा दिसला पण मोठे साइड इफेक्ट काही कमी झाले नाहीत आणि बऱ्याच जणींना तो आहार शेवटपर्यंत झेपलाच नाही. इथे आमच्या वहिनीचं वजन उतरतंय आणि शेजारीण सांगते मासे सोड, उष्ण पडतात! युरोपातल्या आहारतज्ज्ञांच्या गाईडलाइनमध्ये कॅन्सर पेशंटला किलोमागे रोज एक ग्रामच्या वर, जमलं तर दीड ग्रामपर्यंत प्रोटीन द्या म्हटलंय, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला पन्नास ते पंच्याहत्तर ग्राम, आणि शंभर ग्राम बांगड्यात साधारण वीसेक मिळतं. अंगावरचं मांस झडलं की केमो सोसत नाही, डोस कमी करावा लागतो. किडनी आधीच बिघडलेली असेल तर हिशोब बदलतो, तो डॉक्टर सांगतील.

तोंडाला लोखंडाची चव येते तेव्हा वहिनीला स्टीलचा चमचा नको होतो, लाकडी चमच्याने उकड्या तांदळाची पेज घेते, वर सुक्या सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, किसमूर, ती कोशिंबीरच, कच्चा कांदा वगळून. यातलं कुठलंही आम्हाला हॉस्पिटलात कुणी सांगितलं नाही. डिस्चार्जच्या कागदावर पथ्य म्हणून एकच ओळ होती, सॉफ्ट डायट, तीही इंग्लिशमध्ये. नर्सबाई चांगल्या होत्या, पण एकेकीला किती खाटा बघायच्या असतात ते आम्ही डोळ्यांनी बघितलं, त्यांना दोष नाही.

केमोच्या प्रत्येक पेशंटला मराठी-कोंकणीत एक पानभर कागद द्या, एवढंच म्हणणं आहे. औषधाचं नाव, ते कुठल्या अवयवावर येतं, पाणी किती प्यायचं, काय टाळायचं, ताप आला तर फोन कुठे करायचा. आणि आपल्या पुरवणीसाठी गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातल्या, कॅन्सर विभागाच्या डॉक्टरांकडून आणि एखाद्या डाएटिशियनकडून औषधवार लेख लिहून घ्या, चतुर्थी जवळ आलीय तर तोरिंगाचं तेवढं आधी छापा.

एक वाचक, फोंडा