हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या गावात लग्न होतं. वरातीसाठी नवरदेवाला एक जुनी पेट्रोल जीप आणली, फुलं लावली, लायटिंगची माळ डायरेक्ट बॅटरीला जोडली अन गाडी बंद ठेवून दोन-अडीच तास माळ तशीच चालू. निघायच्या टायमाला सेल्फ मारला तर नुसता कट्ट आवाज. मग कोणीतरी सीटखालून हँडल काढलं, म्हणजे गाडीच्या समोरून घालून इंजिन हातानं फिरवायचा वाकडा लोखंडी दांडा. शेजारचा पोरगा, चांगला तब्येतीचा, पुढे झाला, मूठ गच्च आवळली अन उजव्या बाजूनं वरून खाली सगळं वजन टाकून हँडल दाबलं. इंजिनानं उलटा झटका दिला अन मनगटाचं हाड मोडलं. ऐन कापसाच्या वेचणीत आता त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मी तिथे पाच मिनिटं उशिरा पोचलो, ते मनाला लागून राहिलं आहे म्हणून हे पत्र लिहितो.

मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी, पण तरुणपणी बारा-तेरा वर्षं जीप अन ॲम्बेसेडर चालवली. तेव्हा थंडीत सकाळी हँडल मारणं हे रोजचंच काम होतं, त्यात कोणाला नवल वाटायचं नाही. आता पोट्टे हौसेनं जुन्या गाड्या घेतात, चांगली गोष्ट आहे, मला तर फार आनंद होतो, पण हँडल कसं धरायचं हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं. ज्यांना माहीत होतं ते म्हातारे झाले नाहीतर गेले.

आमचे उस्ताद पहिल्या दिवशी एवढंच बोलले होते, "बोटाचा आकडा कर बे, मूठ नोको आवळू." म्हणजे अंगठा हँडलच्या पलीकडून गुंडाळायचा नाही, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. गाडीसमोर उभं राहिलं की हँडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतं. ते आत दाबून त्याचे दाते इंजिनाच्या दात्यांत बसले की हँडल खाली थोडं डावीकडे आणायचं अन तिथून एका झटक्यात वर ओढायचं, वरून खाली कधीच दाबायचं नाही. जुने ड्रायव्हर बहुतेक डाव्या हातानं ओढायचे. उलटा झटका आला तर आकड्यातून हँडल आपोआप सुटतं अन बोटं उघडतात. मूठ आवळलेली असली, वरून शरीराचं वजन असलं, तर सगळा मार अंगठ्यावर अन मनगटावर येतो. अंगठ्याकडच्या बाजूचं मनगटाचं हाड असं मोडलं तर डॉक्टर लोक त्याला शोफर्स फ्रॅक्चर म्हणतात, नावच ड्रायव्हरवरून पडलं आहे, इतकी ही दुखापत एकेकाळी नेहमीची होती.

झटका येतो कशानं तेही सांगतो. पिस्टन अजून वर चढतच असतो अन स्पार्क लवकर पडला तर पेट्रोल तिथेच पेटून पिस्टनला मागं ढकलतं, इंजिन उलटं फिरतं. हँडलचे दाते तिरपे कापलेले असतात, इंजिन सरळ चालू झालं तर ते हँडलला बाहेर फेकून देतात, पण उलटं फिरलं तर तेच दाते घट्ट अडकतात अन हँडलसोबत हात पण ओढून नेतात. म्हणून टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, पुढं सरकून स्पार्क लवकर पडत असेल तर हँडलला हातच लावू नका, आधी स्पार्क वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर नीट करून घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, हँडब्रेक ओढला का, हे दुसऱ्याला विचारू नका, स्वतः वाकून बघा. गळ्यात दुपट्टा असेल तर काढून ठेवा. चोक ओढून स्विच बंद ठेवून आधी दोन-चार फेऱ्या हळू फिरवायच्या म्हणजे पेट्रोल आत येतं, मग स्विच चालू करून ओढायचं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेरीला एक सिलिंडर फायर होतो, त्यामुळे गरागरा फिरवायची गरजच नसते.

अजून एक, लोकांना वाटतं बॅटरी मेली तरी हँडलनं गाडी चालू होतेच. सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात, स्पार्क देणाऱ्या कॉईलला फक्त तीन-चार. म्हणून सेल्फ फिरवायची ताकद नसलेली बॅटरी स्पार्कपुरती पुरते. हॉर्न बारीक का होईना वाजला तर प्रयत्न करा, अजिबातच वाजत नसेल तर उगाच घाम काढू नका, दुसरी १२ व्होल्टची बॅटरी लावा, मोटारसायकलची पण कॉईलपुरती चालते. फक्त बॅटरीची बॉडीला जोडलेली तार पॉझिटिव्ह आहे का निगेटिव्ह ते आधी पाहा, काही जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह असते.

डिझेलच्या पंपाच्या इंजिनाला स्पार्कच नसतो, तिथे डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडायचा, लिव्हर उचलून फ्लायव्हील वेगात आणायचं अन मग लिव्हर सोडायचा. पण तिथेही शाफ्टवर गंज चढला असेल तर हँडल निघत नाही अन इंजिनासोबत गरगर फिरतं. शाफ्टला ग्रीस लावून ठेवा, त्याला किती वेळ लागतो. आमच्याकडे अजूनही बऱ्याच विहिरींवर अशी इंजिनं पडून आहेत, लाईट गेली की लोक ती काढतात अन तेव्हाच घाईत अपघात होतो.

गाडीला सेल्फ आला १९१२ मध्ये, अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला, चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला. त्यानंतरही कितीतरी वर्षं कंपन्या हँडलची सोय ठेवत राहिल्या, बॅटरीवर कोणाचा भरोसा नव्हता. १९८३ ला मारुती ८०० आली, तिचं इंजिन आडवं बसवलेलं, समोरून हँडल घालायला जागाच नाही. ॲम्बेसेडर २०१४ मध्ये बंद झाली. म्हणजे आज चाळीशीच्या आतल्या माणसाला हे माहीत असायचं कारणच नाही, त्याची चूक नाही.

पण म्हणून हँडल भंगारात विकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. व्हॉल्व्हचे टॅपेट ॲडजस्ट करायला, डिस्ट्रिब्युटरमधले पॉईंट बघायला, इंजिन हातानं हळू फिरवायला त्याच्यासारखं दुसरं अवजार नाही.

आपल्या पेपरात हँडल धरलेल्या हाताचं एक साधं चित्र छापता आलं तर बघा, अंगठा कुठे अन बोटं कुठे हे त्यात स्पष्ट दिसलं पाहिजे. आपल्या जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना पण ते दाखवावं. आमच्या गावचे पोट्टे येत्या रविवारी माझ्या अंगणात येणार आहेत, जीपवाल्यानं पण गाडी आणायचं कबूल केलं आहे, हाताला प्लास्टर असलेला पोरगा पण येतो म्हणाला.

आपला जुना वाचक,
एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ