कारखान्यांच्या बोअरवेलना मुदतवाढ द्या, पण आकडा उतरता ठेवा

प्रति,
मा. केंद्रीय जलशक्ती मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

अतिशोषित (भरण्यापेक्षा भूजलाचा उपसा जास्त असलेल्या) तालुक्यांतले कारखाने भूजल सोडून एमआयडीसीच्या पाण्यावर किंवा पालिकेच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर यावेत, याबद्दल दुमत नाही. घोळ होतो तो मधल्या काळात, जुना स्रोत सुटायचा असतो आणि नवा पुरता हाती आलेला नसतो तेव्हा.

24 सप्टेंबर 2020 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे भूजल उपशाच्या ना हरकत प्रमाणपत्राच्या (परवान्याच्या) नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या किमान 90 दिवस आधी करायचा असतो. तो वेळेत केला आणि केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा निर्णय लांबला, तर तोवर जुना परवाना चालू धरला जातो. हे रास्तच आहे. फाईल अडली म्हणून कारखाना बंद पडू नये. पण मुदतीबरोबर जुना आकडाही पुढे सरकतो. रोज 500 घनमीटरचा परवाना फाईल निघेपर्यंत 500 चाच राहतो, मग पालिकेची पाइपलाइन फाटकाशी येऊन थांबलेली का असेना.

आमची मागणी एवढीच: मुदतवाढ कामाच्या टप्प्यांना बांधा आणि दर टप्प्याला उपशाचा आकडा खाली आणा. पुरवठ्याचा करार आणि अनामत रक्कम भरेपर्यंत जुना आकडा. जोडणी व साठवण टाकी झाली की कूलिंग टॉवर, फ्लशिंग आणि बागेचे पाणी परवान्यातून वजा. उत्पादन प्रक्रियेचे पाणी त्यानंतर, चाचणी यशस्वी झाल्यावर. उशीर पालिकेचा असेल तर तिच्या लेखी पत्रावर टप्पा पुढे ढकला. कारखान्याचा असेल तर आकडा ठरल्या तारखेला आपोआप उतरू द्या.

एका झटक्यात तोडू नका असे का म्हणतो? कारण बोअरचे एक घनमीटर म्हणजे पुनर्वापराचे एक घनमीटर नव्हे. समजा, कूलिंग टॉवरमधून रोज 240 घनमीटर पाण्याची वाफ होते. बोअरच्या पाण्यावर पाच सायकल मिळत असतील (म्हणजे क्षार पाचपट साठेपर्यंत तेच पाणी फिरवता येत असेल) तर भरणा 300 लागतो, ब्लोडाउन (क्षार साठलेले, बाहेर सोडायचे पाणी) 60. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि फॉस्फेट जास्त, त्यामुळे सायकल तीनवर आणावी लागली तर भरणा 360 आणि ब्लोडाउन 120. म्हणजे ईटीपीवरचा (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरचा) हा भार दुप्पट. उत्पादन प्रक्रियेसाठी आरओचे (मेंब्रेनमधून गाळून शुद्ध केलेले) 120 घनमीटर हवे असेल आणि रिकव्हरी, म्हणजे हाती येणारा शुद्ध वाटा, 75 टक्के असेल, तर 160 घ्यावे लागते आणि 40 घनमीटर रिजेक्टची, म्हणजे उरलेल्या खारट पाण्याची, सोय लावावी लागते. नव्या जोडणीच्या मंजुरीत हा हिशेब धरलाच नाही, तर कमी पडलेले पाणी पुन्हा बोअरमधूनच येणार. दुसरे कुठून येईल?

अमोनिया उतरवला नसेल तर पितळी नळ्यांचे कंडेन्सर खराब होतात. लांब पाइपलाइनमध्ये जिवाणूंचा चिकटा धरू नये म्हणून क्लोरीन ठेवावा लागतो आणि तोच क्लोरीन आरओच्या मेंब्रेनला मारक. आरओआधी क्लोरीन काढणाऱ्या सोडियम बायसल्फाइटचा डोस एक पाळी जरी चुकला, तरी मेंब्रेनचे झालेले नुकसान धुऊन भरून निघत नाही. शिवाय शहरातल्या सांडपाण्याची आवक पहाटे घटते आणि कारखाना तर चोवीस तास चालतो. म्हणून किमान एका दिवसाची साठवण टाकी ही जोडणीची अटच असावी. हे जमते. सुरत आपण जाणताच. तिथल्या बमरोलीचा 40 एमएलडीचा (रोज 4 कोटी लिटरचा) प्रकल्प 2014 पासून पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यांना असे पाणी पुरवतो.

आता मोजणीबद्दल. टेलिमेट्रीचा (आकडे आपोआप दूरवर पाठवणारा) फ्लोमीटर सक्तीचा आहेच, पण तो कुठे बसवला हे कुणी पाहत नाही. पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो, पाइप अर्धा रिकामा राहतो आणि विद्युतचुंबकीय मीटर भलतेच आकडे पाठवतो. मीटर पाणी वर चढणाऱ्या उभ्या पाइपवर, बोअर आणि मीटरच्या मध्ये एकही टी-जोड न ठेवता बसवला पाहिजे. त्याच्या जोडीला पंपासाठी वेगळे वीजमीटर मागा. प्रति घनमीटर युनिट अचानक वाढले, तर एक तर पातळी घसरली आहे, नाहीतर पाणी मीटरआधीच वळते आहे.

पिझोमीटर (भूजलपातळी मोजण्याचा वेगळा बोअर) पंपाच्या बोअरपासून किमान 50 मीटरवर हवा, हा नियम गाळाच्या जमिनीत चालतो. महाराष्ट्राच्या बेसाल्टमध्ये तेवढ्या अंतरावर भेगांचा दुवा नसला, तर शेजारचा बोअर दिवसभर उपसला तरी पिझोमीटर ढिम्म राहतो आणि नोंदवहीत पातळी छान दिसते. पिझोमीटर मंजूर करण्याआधी काही तासांची पंपिंग चाचणी घेऊन तो प्रतिसाद देतो का, एवढे तपासा.

रोज 100 घनमीटरहून अधिक उपसा करणाऱ्यांना वार्षिक जललेखापरीक्षण आणि तीन वर्षांत 20 टक्के कपात बंधनकारक आहे. स्रोत बदलणाऱ्या कारखान्यांसाठी तेच लेखापरीक्षण टप्पा पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून वापरता येईल, नवा कागद काढायची गरज नाही.

शेवटी, सुटलेल्या बोअरवेलचे काय? पंप आत आणि वीज चालू राहिली तर त्यांतून टँकर भरले जाऊ लागतात. पंप बाहेर काढून वीज तोडावी आणि बोअर तळापासून वरपर्यंत भरून बंद करावा, किंवा पातळीमापक सोडून निरीक्षण विहीर करावी. आणीबाणीसाठी एकच बोअर ठेवावा, सीलबंद व्हॉल्व्हसह, आणि सील तोडल्याची खबर 24 तासांत प्राधिकरणाच्या पोर्टलवर द्यावी.

आपले,
औद्योगिक पाणीवापर व भूजल क्षेत्रात काम करणारे काही अभियंते आणि भूवैज्ञानिक