सासूबाईंच्या पार्टीसाठी तॉर्टिया रोल

प्रिय सखे,

तुझा मेसेज वाचला अन् भल्लं बरं वाटलं. सासूबाई अंगणवाडीतून रिटायर होऊन राहिल्या अन् तू त्यांच्यासाठी घरीच पार्टी ठेवून राहिली, हे लय चांगलं केलं वं. गावातली किती पोट्टी त्यांच्या हाताखाली बडबडगीतं म्हणत मोठी झाली, त्यातल्या काहींची लेकरं आता तिथंच जातात. अशा बाईचा कार्यक्रम थाटातच झाला पाहिजे.

तू विचारलं की जेवणाच्या आधी हातात द्याले काय ठेवू, आलूबोंडे अन् मुंगवडे तर सगळेच करतात. माझं एकच म्हणणं आहे, तळायचं काही ठेवूच नको. चाळीस माणसांले गरम गरम द्यायचं म्हटलं की घरची सून दोन तास कढईपाशी, बाहेर सत्कार होतो, फोटो निघतात, अन् तिच्या कानावर नुसत्या टाळ्या येतात. तू त्या दिवशी सासूबाईंच्या बाजूले खुर्चीत बसलेली मले पाहिजे. म्हणून तॉर्टिया रोल कर. आदल्या रात्री गुंडाळून ठेवायचे, पार्टीच्या वेळी नुसते कापायचे, गॅस पेटवायचं कामच नाही.

मेक्सिकोत तॉर्टिया म्हणजे रोजची पोळीच समज. तिकडं मूळची मक्याची, मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, मग धुऊन वाटायचा. गहू तिकडं स्पॅनिश लोकांनी नेला, तवापासून उत्तरेकडं गव्हाची सुरू झाली. अन् अमेरिकेत पार्टीले जे गोल गोल तुकडे करतात ते याच गव्हाच्या तॉर्टियात क्रीम चीज, पातीचा कांदा, ऑलिव्ह असं भरून, गुंडाळून, थंड करून कापलेले असतात. रोलले गहूच पाहिजे, कारण त्याच्यात चिवटपणा असतो, मक्याची थंड झाली की वळवताना फाटते. सासूबाई नक्की विचारतीन की ज्वारीची भाकर चालन का, तर नाही चालत, तिचंही तसंच होते. अन् आपली मटक्यावरची लांब रोटी कितीही मऊ असली तरी लय पातळ, सारणाच्या ओलीनं विरघळते, ती मटणासंगच बरी.

रेडिमेड तॉर्टियासाठी कोणाले नागपूरले पाठवू नको, घरी सोपी होते. अर्धा किलो कणीक, पाव किलो मैदा, मीठ, चार चमचे तेल, अन् कोमट पाण्यानं पोळीपेक्षा थोडं सैल भिजव, मग अर्धा तास झाकून ठेवजो. एवढ्यात वीसेक पोळ्या होतात. घडी घालायची नाही, एकेरी पातळ लाटायची, वीतभरापेक्षा मोठी. तवा चांगला तापला पाहिजे अन् पोळी त्याच्यावर अर्धा-पाऊण मिनिटच, पांढरे-तपकिरी ठिपके दिसले की पलटायची अन् काढायची. सराट्यानं, म्हणजे उलथन्यानं, दाबून कडक करू नको, तूपही लावू नको. काढली की लगेच फडक्यात एकावर एक रचून झाकायची, त्या वाफेनंच ती मऊ पडते, अन् हीच गोष्ट लोकं सोडतात, मग म्हणतात रोल तडकला.

आता सारण. क्रीम चीज आपल्याकडं कुठं शोधतं, चक्काच घे. लिटरभर घट्ट दही रात्रभर टांगलं की पाव-दीड पाव चक्का निघते, त्यात दीडशे ग्रॅम पनीर किसून हातानं मळ, अगदी लोण्यासारखं मऊ होईपर्यंत. पातीचा कांदा, सांबार (कोथिंबीर), शिमला मिरची, किसून पिळलेलं गाजर, मिरेपूड. मीठ मात्र अगदी शेवटी, लावाच्या वेळी टाकजो, कारण मीठ पडलं की भाजीले पाणी सुटते अन् पाणी सुटलं की पोळी गिच्च. सगळं गणित या पाण्याचं आहे. टमाटर आत घालूच नको.

पण मी तुले खरं सांगू का, दुसरं सारण माझं जास्त आवडीचं आहे. सध्या तुरीच्या शेंगा भरल्या आहेत ना, त्याचे सोले घे. मेक्सिकोत राजम्यासारखे दाणे शिजवून, चेचून, चरबीत परतून सारण करतात, तर आपल्याकडं ओले सोले असताना राजमा काऊन आणायचा? अर्धा किलो सोले मीठ घालून शिजव, पाणी पूर्ण निथळून घे, लसूण, जिरं अन् हिरव्या मिरचीचा ठेचा तेलात परतून त्यात सोले टाक अन् वाटीच्या बुडानं चेचत राह. अर्धे दाणे मोडले पाहिजेत, अर्धे दाताखाली आले पाहिजेत. कढईच्या कडा सोडून गोळा मधोमध आला, सराटा फिरवला की बूड कोरडं दिसलं, की झालं. वरून लिंबू पिळ अन् पूर्ण थंड होऊ दे, गरम सारण पोळीवर गेलं तर आतून घाम सुटते. तो हिरवा रंग कापल्यावर एवढा सुंदर दिसते ना बाप्पा, पाहुणे आधी पाहतच राहतीन.

लावताना सारण पातळ, एका पोळीले अडीच-तीन चमचे, कडेपर्यंत न्यायचं पण पलीकडची दोन बोटं कोरी ठेवायची. त्या कोऱ्या कडेले थोडासा चक्का चोपडला की ती चिकटते. मग आपल्याकडून सुरू करून सतरंजी गुंडाळतो तसा घट्ट रोल, मधात पोकळी राहू द्यायची नाही. प्रत्येक रोल प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळ, ती नसन तर ओल्या पण घट्ट पिळलेल्या मलमलीत, अन् स्टीलच्या डब्यात जोड खाली करून फ्रिजमध्ये. कमीत कमी दोन तास, रात्रभर ठेवले तर अजून छान. तुमच्याकडं रात्रीची लाईन जाते हे मले माहीत आहे, तर फ्रिज सारखा उघडू नको, डब्याच्या आजूबाजूले बर्फाच्या बाटल्या ठेवजो.

कापाची युक्ती सांगते. चाकूनं रोल दबते अन् सारण बाहेर येते. शिवणाचा स्वच्छ दोरा घे, रोलच्या खालून सरकव, दोन्ही टोकं वर आणून एकमेकांवरून ओलांड अन् ओढ. तुकडा असा गोल निघते की आतली चकरी स्पष्ट दिसते. एका रोलचे इंचभराचे सात-आठ तुकडे होतात, टोकाचे वाकडे ते पोट्ट्यांले. माणशी तीन-चार धरले तर वीस पोळ्यांत चाळीस जणांचं भागते.

सोबत चटणी पाहिजे, तिले तिकडं साल्सा म्हणतात. भेदरं (टमाटर), कांदा अन् मिरच्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाज, साल काढून खलबत्त्यात जाडसर कुट, सांबार, मीठ, लिंबू. मिक्सर नको, पाणी होते. सासऱ्यांसाठी वेगळ्या वाटीत थोडी भिवापुरी मिरची घालजो, त्यांले त्याशिवाय जमत नाही. अन् नवल पाय, टमाटर अन् मिरची ही दोन्ही आपल्याकडं आली तीच अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या जहाजातून, म्हणून ही चव आपल्या जिभेले परकी वाटतच नाही.

एक मात्र काटेकोर पाळ. चक्क्याचे रोल सगळे एकदम मांडू नको, ताटभर काढ, संपले की दुसरं ताट. थंडीचे दिवस असले तरी मांडवात दुपारचं ऊन तापते, दही-पनीरचं तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवणं बरं नाही, त्यात म्हातारी माणसं अन् लहान लेकरं आहेत. सोल्याचे थोडे जास्त टिकतात, पण तेही उरले तर फ्रिजमध्येच.

जेवणात काय ते तू ठरवलंच असशीन, वांग्याची भाजी, वरण-भात अन् बुंदी ठेवली तरी पुष्कळ झालं. मी आदल्या दिवशी दुपारच्या एसटीनं येते, येताना चक्का टांगूनच आणते, लाटाले मी अन् भाजाले तू. सोले मात्र सोलून ठेवजो, त्यालेच टाइम लागते, शेजारच्या काकूंले हाताशी घे. तुमच्याकडं मोठं पोळपाट आहे का ते सांग, नसन तर मी पिशवीत टाकते. अन् पाहुणे चाळीसच्या वर जाणार असतीन तर परवापर्यंत कळव, म्हणजे दही जास्तीचं लावते.

सासूबाईंले माझा नमस्कार सांगजो, पोट्ट्यांले पापा.

तुझीच,
मैतरीण