पाय वाचला, पण पुढे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हाडाच्या कॅन्सरच्या गाठीचे ऑपरेशन होऊन एखाद्या मुलाचा पाय वाचल्याची बातमी फोटोसह येते, तेव्हा मनापासून आनंद होतो. सत्तरच्या दशकापर्यंत अशा वेळी बहुतेकांचा पाय कापावाच लागे. केमोथेरपी आणि धातूचा सांधा यांमुळे आता बहुतेक मुलांचा पाय राहतो. पण तो मुलगा दहा वर्षांनी कसा चालतो, हे कुठेच छापून येत नाही.

माझ्या मुलाला पंधराव्या वर्षी गुडघ्याच्या वर ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर निघाला. २००९ साली सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईच्या खेपा घालून उपचार केले. मांडीच्या हाडाचा खालचा भाग काढून तिथे बिजागरीचा सांधा बसवला. पाच वर्षे कॅन्सर परतला नाही आणि ‘पोरगा बरा झाला’ म्हणून आम्ही जाणे सोडले. सांधा दाखवायला जन्मभर जायचे असते, हे तेव्हा कोणी ठसवून सांगितले नाही.

शेजारी म्हणतात, “आमच्या आईचाही गुडघा बदललाय की!” अहो, तो गुडघा वेगळा. तिथे हाडांची झिजलेली टोके तेवढी काढतात. इथे वीतभर हाड जाते, त्यासोबत स्नायू जातो, आणि सगळा भार हाडात रोवलेल्या दांड्यावर येतो. शिवाय पेशंट पंधरा वर्षांचा, पुढे सगळे आयुष्य चालायचे आहे. दहा वर्षांत साधारण तिघा-चौघांमागे एकाला पुन्हा मोठे ऑपरेशन लागते.

२०२० च्या जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेवरून परतताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो घरापर्यंत काढला नाही. जिना उतरताना गुडघ्यात टक्‌टक् वाजते, हेही मग सांगितले. बिजागरीतला प्लास्टिकचा बुश, म्हणजे धातूवर धातू घासू नये म्हणून मधे बसवलेला तुकडा, झिजला होता. तो वेळेत बदलला तर काम थोडक्यात भागते. नाहीतर झिजेचे कण हाड पोखरतात आणि दांडाच ढिला होतो. पण त्याच कंपनीचा, त्याच मापाचा बुश हवा होता, आणि कंपनी कोणती ते आम्हाला ठाऊक नव्हते. ट्रंकेतल्या जुन्या फाइलमध्ये एका पिवळ्या पडलेल्या कागदावर सांध्याचे स्टिकर सापडले, म्हणून निभावले.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी ते स्टिकर आजच शोधून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. दुखत नसले तरी वर्षातून एकदा एक्स-रे काढावा. ढिलाई दुखण्याआधी तिथे दिसते. दाताचा पू किंवा पायाची जखम अंगावर काढू नये. जंतू रक्तातून सांध्यापर्यंत पोचतात, अगदी इतक्या वर्षांनंतरही. ताप येऊन गुडघा गरम लागला, तर मेडिकलमधून गोळी आणू नका, त्याच दिवशी सर्जनला गाठा.

एका एक्स-रेसाठी यंत्रमागावरची दोन दिवसांची मजुरी बुडवून मुंबई परवडत नाही, म्हणून माणसे जात नाहीत. आपल्या सिव्हिलमध्ये महिन्यातला एक दिवस या पेशंटांसाठी ठेवावा, तिथला एक्स-रे मुंबईच्या डॉक्टरांना पाठवावा, एवढी मागणी आपण अंकातून लावून धरावी, ही विनंती.

– एक आई, अशोक चौक, सोलापूर