विषय: अपडेटनंतर टीव्हीतला ४:३ चा ऑप्शन बंद केल्याबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर प्रमुख, टीव्ही विभाग

नमस्कार,

मी पुण्यातून लिहितेय, सहकारनगरमधून. तुमचा ४३ इंची टीव्ही आम्ही सातारा रोडवरच्या दुकानातून दिवाळीत घेतला, बिल, मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर सोबत जोडलाय. टीव्ही वॉरंटीत आहे. सुरुवातीलाच सांगते की टीव्ही बंद पडलेला नाही, पॅनल फुटलेलं नाही, आवाज उत्तम आहे, त्यामुळे तुमच्या माणसांना दरवेळी वाटतं की या बाईंची तक्रारच काय आहे. तक्रार ही आहे की टीव्ही घेतला तेव्हा त्यात जी सोय होती ती तुम्ही अपडेट पाठवून काढून घेतलीत, आम्हाला न विचारता, आणि आता ती परत द्यायला तयार नाही आहात.

आमच्याकडे 'भारत एक खोज'चा डीव्हीडी सेट आहे. सेट बाजारात नवीन आला तेव्हा मी हट्टाने घेतला होता, कारण १९८८ साली दूरदर्शनवर ही मालिका लागायची तेव्हा मी शाळेत होते आणि बरेच भाग लाइट गेल्यामुळे किंवा पाहुणे आल्यामुळे बुडाले होते. श्याम बेनेगलांची ५३ भागांची मालिका, नेहरूंच्या पुस्तकावरची, आणि ते पुस्तक त्यांनी आपल्या इथे जवळच, अहमदनगरच्या म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात कैदेत असताना १९४४ मध्ये लिहिलं. पुढे मी इतिहासाची शिक्षिका झाले त्यात या मालिकेचा मोठा वाटा आहे. दर रविवारी दुपारी आमच्या सोसायटीतली आठवी-नववीची पोरं आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून एक एक भाग बघतात, नंतर तासभर आम्ही त्यावर बोलतो, माझ्या सासूबाई पण खुर्चीत बसून असतात आणि मध्ये मध्ये पोरांना प्रश्न विचारतात. नवीन टीव्ही मुख्यतः याच्यासाठी घेतला, जुना लहान होता आणि मागे बसलेल्यांना दिसायचं नाही.

दुकानात मी स्वतः विचारून घेतलं होतं. आमचा डीव्हीडी प्लेअर जुना आहे, त्याला लाल-पांढरी-पिवळी वायरच लागते, एचडीएमआय नाही. सेल्समनने टीव्हीच्या बॉक्समधली छोटी पिन लावून आमच्यासमोर प्लेअर जोडून दाखवला, मेनूत पिक्चर साइजमध्ये जाऊन ४:३, म्हणजे रुंदी चार भाग आणि उंची तीन भाग, असं केलं आणि चित्र मधोमध बरोबर आकारात आलं, दोन्ही बाजूला काळे पट्टे. मी म्हटलं हेच पाहिजे. पुस्तिकेतही ४:३ चा पर्याय छापलेला आहे, त्या पानाचा फोटो सोबत आहे. घरी आणल्यावर कित्येक आठवडे सगळं छान चाललं, पोरांनी हडप्पापासून सुरुवात करून अशोकापर्यंत मजल मारली.

मग एका रात्री टीव्हीवर मेसेज आला की नवीन सॉफ्टवेअर आलंय, आणि सकाळी टीव्ही आपोआप अपडेट झालेला होता. त्या रविवारी डिस्क लावली तर ओम पुरी एकदम रुंद दिसायला लागले. पिक्चर साइजमध्ये गेले तर ४:३ ही अक्षरं दिसतात पण फिकी, त्यावर जाताच येत नाही. फक्त १६:९ म्हणजे पूर्ण रुंद स्क्रीनचं माप आणि झूम एवढंच चालू. हे फक्त एव्हीच्या पिनवर, म्हणजे प्लेअरची ती लाल-पांढरी-पिवळी वायर लागते तिथेच होतं. यूट्यूबवर जुना ४:३ चा व्हिडिओ लावला की याच टीव्हीवर आपोआप काळे पट्टे येऊन चित्र बरोबर दिसतं. म्हणजे टीव्हीला ते जमतं, पॅनलची अडचण नाही, एव्हीसाठी फक्त तो पर्याय कुलूप लावून ठेवलाय.

तुमच्याकडून आलेल्या टेक्निशियनने टीव्ही बघितला आणि मला म्हणाला, "मॅडम फुल स्क्रीन दिसतंय ना, लोक तर काळे पट्टे घालवायला आम्हाला बोलावतात." त्याच्यावर माझा राग नाही, तो बिचारा उन्हातान्हात गाडीवर फिरतो आणि त्याला वरून जे सांगितलंय तेच तो बोलणार. पण ज्यांनी त्याला ते सांगितलं त्यांच्यासाठी इथे सविस्तर लिहिते, कारण फोनवर कोणी पूर्ण ऐकूनच घेत नाही.

तुमच्या ४३ इंची स्क्रीनची रुंदी साधारण ९५ सेंटीमीटर आणि उंची साडेत्रेपन्न. त्या उंचीला ४:३ चं चित्र बरोबर दाखवायचं तर रुंदी ७१ सेंटीमीटरच्या आसपास यायला पाहिजे. तुम्ही तेच चित्र ९५ पर्यंत ओढता, म्हणजे प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशाने जाड. स्क्रीनवर १२ सेंटीमीटरचा चेहरा १६ चा होतो. गोल चाक लांबट होतं, घोडे बुटके होतात, उभी नाजूक शिल्पं फुगतात. दुसरा पर्याय झूम, त्यात जाडी येत नाही पण वरचा-खालचा मिळून चित्राचा पाव भाग कापला जातो, कोणाचं कपाळ जातं तर कोणाची पावलं. १९८८ ला घरोघरी जे टीव्ही होते ते सगळे ४:३ चे होते आणि मालिका त्या चौकटीसाठीच बनवलेली आहे, कोण कुठे उभं राहणार, कॅमेरा किती जवळ जाणार हे सगळं त्या मापात ठरवलेलं. बाजूची जागा रिकामी राहिली तर काही वाया जात नाही हो, तिथे दाखवण्यासारखं काही कधी घेतलेलंच नाही.

प्लेअरचं सेटिंग बदला असंही तुमच्या फोनवर सांगितलं गेलं. केलं. डीव्हीडी प्लेअरमध्ये टीव्ही टाइप म्हणून जे असतं ते रुंद सिनेमा जुन्या चौकोनी टीव्हीवर कसा बसवायचा त्यासाठी असतं, चौकोनी चित्र रुंद टीव्हीवर बसवायचं काम त्यातून होत नाही. आपल्याकडच्या डीव्हीडीवर ७२० बाय ५७६ पिक्सेलचं चित्र असतं आणि त्याच पिक्सेलमधून ४:३ पण दाखवता येतं आणि १६:९ पण, आमच्यासारखा साध्या वायरचा जुना प्लेअर असेल तर ते शेवटी टीव्हीलाच करावं लागतं. हे मला माझ्या इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने समजावलं आणि मग आम्ही दोघांनी घरातल्या वेगवेगळ्या डिस्क लावून पाहिल्या, सगळ्या जुन्या मालिकांचं तेच.

मग सांगितलं की एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर घ्या, आमच्याकडे मिळत नाही, बाहेरून घ्या. तपकीर गल्लीत जाऊन तोही आणला, स्वतःच्या पैशाने. त्या कन्व्हर्टरने चित्र आधीच ताणून मगच टीव्हीला दिलं, त्यामुळे आता टीव्हीला ते १६:९ चंच वाटतं आणि दुरुस्तीचा मार्गच बंद. वर चित्र जास्त भुरकट झालं ते वेगळंच. हा सल्ला देणाऱ्याने एकदा तरी जोडून बघितलं होतं का? तुमच्या टीव्हीतली काढून घेतलेली सोय मी दुसऱ्याच्या डबीतून विकत का घ्यावी हेही मला कोणी सांगितलं नाही.

आणि मग ते वाक्य, ज्यामुळे मी हे पत्र लिहायला बसले. "मॅडम, आता डीव्हीडी कोण बघतं? सगळं नेटवर आहे." हे मला तुमच्या सुपरवायझरनी ऐकवलं. आम्ही बघतो. विकत घेतलेली वस्तू आहे, घरात आहे, चालते आहे. दुपारी आमच्याकडे नेट कधी कधी इतकं हळू होतं की चित्र फिरत बसतं, आणि पोरं चंद्रगुप्त बघत असताना मध्येच शाम्पूची जाहिरात आली की त्यांचं लक्ष उडतं ते परत आणायला पाच मिनिटं जातात. माझ्या सासूबाईंना ८० च्या पुढे स्मार्ट रिमोटवरची ॲप शोधता येत नाहीत पण डीव्हीडीचं झाकण उघडून डिस्क ठेवून प्लेचं बटण त्या दाबतात, मी शाळेत असताना त्यांना एखादा भाग परत बघायचा असेल तर कोणावर अवलंबून राहावं लागत नाही. हे स्वातंत्र्य त्यांच्या वयात छोटं नाही. आणि समजा पुण्यात डीव्हीडी बघणारं आमचं एकच घर उरलं असेल, तरी पुस्तिकेत छापलेली सोय त्या एका घराला मिळालीच पाहिजे.

तुम्हाला कदाचित वाटेल की एवढं काय, चेहरे थोडे रुंद दिसले तर. सांगते. रोशन सेठ नेहरू म्हणून समोर येऊन बोलतात तेव्हा त्या चेहऱ्यावर जे बारीक बारीक चालू असतं, थकवा, कुतूहल, ते सगळं ताणलेल्या चेहऱ्यात पसरट होऊन जातं. ओम पुरींनी याच मालिकेत दुर्योधन केलाय, अशोक केलाय, औरंगजेब केलाय, चेहऱ्याची ठेवण तीच आणि माणूस दरवेळी वेगळा, मुलांना मी हेच बघायला सांगते. शिवाजी महाराजांवरचे दोन भाग आहेत, नसीरुद्दीन शाह महाराजांच्या भूमिकेत, पोरं ते भाग कधी येणार म्हणून वाट बघतायत आणि मी मुद्दाम थांबवून ठेवलेत. महात्मा फुल्यांचा भाग आहे, सदाशिव अमरापूरकरांनी फुले केलेत, फार आतून केलेत. आमच्या पोरांनी गंज पेठेतला फुलेवाडा पाहिलाय, भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली हे त्यांना पाठ आहे, तो माणूस त्यांना आता पडद्यावर भेटणार आहे. तो त्यांना वेडावाकडा दिसलेला मला चालणार नाही. बेनेगल गेले, ओम पुरी गेले, अमरापूरकर गेले, संगीत देणारे वनराज भाटिया गेले. नासदीय सूक्ताचं ते सुरुवातीचं गाणं लागलं की आमच्या हॉलमधली पोरं आपोआप गप्प होतात, आजच्या काळातली पोरं. या लोकांनी जे जसं केलं तसं ते दिसावं एवढीच अपेक्षा आहे, आणि टीव्ही कंपनीकडून नाही करायची तर ही अपेक्षा कोणाकडून करायची?

सध्या रविवारचा कार्यक्रम बंद आहे. मी ताणलेलं चित्र मुलांना दाखवणार नाही.

तुमच्याकडे माझी तक्रार प्रत्येक वेळी नवीन नंबरने नोंदवली जाते आणि काही न करता 'रिझॉल्व्ड' म्हणून बंद होते, मग मला एसएमएस येतो की तुम्ही समाधानी आहात का, १ ते ५ मध्ये सांगा. बंद केलेल्या सगळ्या तक्रारींचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत. तक्रार सुटल्याशिवाय ती सुटली असं लिहिणं हे खोटं आहे, आणि ते तुमच्या वरच्या लोकांना कळायला पाहिजे म्हणून हे पत्र कस्टमर केअरच्या प्रमुखांच्या नावाने पाठवतेय.

मला काय पाहिजे ते स्पष्ट लिहिते. पुढच्या अपडेटमध्ये एव्हीसाठी ४:३ चा पर्याय परत चालू करा. अपडेटला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत तुमच्या माणसाकडून माझ्या टीव्हीत आधीचं सॉफ्टवेअर टाकून द्या आणि आपोआप अपडेट होणार नाही असं करून द्या. हे दोन्ही जमत नसेल तर टीव्ही परत घ्या आणि बिलाची पूर्ण रक्कम द्या, मी ज्या टीव्हीत ही सोय आहे तो घेईन. कन्व्हर्टरचे पैसेही द्या, ते तुमच्या सल्ल्यावरून खर्च झालेत, पावती आहे. व्हाउचर, पुढच्या खरेदीवर सूट, वॉरंटी वाढवून देतो वगैरे मला नकोय.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला तक्रार नोंदवणार आहे आणि त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच तक्रार दाखल करता येते, तुमचं ऑफिस कुठल्या शहरात आहे याने फरक पडत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फीसुद्धा नाही. बिंदूमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत याच शहरात सुरू केली, इथल्या ग्राहकाला कागद सांभाळून ठेवायची आणि शेवटपर्यंत पाठपुरावा करायची सवय आहे. माझ्याकडे बिल आहे, पुस्तिकेचं पान आहे, अपडेटच्या आधीचा एक फोटो आहे ज्यात पोरं बसलीयेत आणि मागे टीव्हीवर चित्र बरोबर आकारात दिसतंय, आणि अपडेटनंतर त्याच भागाचा काढलेला फोटो आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघा, लगेच कळेल.

टेक्निशियन पाठवणार असाल तर कृपया एव्हीची पिन आणि पिक्चर साइजचा प्रश्न आहे हे त्याला आधी सांगून पाठवा, नाहीतर तो पुन्हा पॅनल तपासून जाईल. वार रविवार सोडून कोणताही, संध्याकाळी पाचनंतर, मी त्याआधी शाळेत असते. उत्तर ईमेलवरच द्या, कारण फोनवर जे ठरतं ते पुढच्या वेळी फोन उचलणाऱ्याला माहीतच नसतं.

आपली,
एक ग्राहक, सहकारनगर, पुणे
(नाव, पत्ता, फोन सोबतच्या बिलावर आहे)